दसऱ्याचं तेल

माझ्या बापाला लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंडाचा एक कोपरा खाली लोंबला. जीभ तेवढी शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. कोणाचं नशीब, ते काही त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून मीच त्याला उचलते, संडासाला बसवते, धुते, आंघोळ घालते. पाणी गरम असलं की म्हणतो, "सोलून काढतं का वं मले?" थंड असलं की म्हणतो, "मारून टाकतं का?" मी नवऱ्याचं घर सोडून बालाघाटला परत आले होते. बापाच्या लेखी मी दोन घरची नासलेली पोट्टी होते आणि त्याचं गू-मूत काढणं ही माझी शिक्षा होती. हे तो माझ्या तोंडावर म्हणायचा, अगदी चहा पिता पिता.

भाऊ गोंदियाला असतो. तो फोनवर रडायचा आणि फोन ठेवून द्यायचा.

अंगणात बापाची पिकअप उभी होती. जीपच्या तोंडाची, गोल दिव्यांची, मागे लाकडी डाला. अशा गाड्या आता रस्त्यावर दिसत नाहीत. तिच्यावर बापानं अर्धं आयुष्य बालाघाट ते बैहर फेऱ्या मारल्या. सिमेंट, मोहफुलं, लग्नाची वऱ्हाडं, जे मिळेल ते भरलं. पेलेल त्याच्या दुप्पट भरायचा, म्हणून तिच्या डाव्या बाजूच्या कमानीचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचे, पट्टे सपाट होऊन बसले होते. बाप उजवीकडे कललेला, गाडी डावीकडे. समोरासमोर असायचे दोघं, दिवसभर.

ती गाडी मला हवी होती. कारण सरळ होतं. मलाजखंडच्या खाणीच्या कॉलनीत माझी एक मैत्रीण जेवणाच्या डब्यांचं काम करते. तिला भागीदार पाहिजे होती, पण गाडी असलेली. राहायला खोली ती देणार होती. दिवाळीपर्यंत थांबते, म्हणाली, मग मी दुसरी पाहीन. म्हणजे गाडी चालली तर मी त्या घरातून सुटणार, आणि नाही चालली तर बापाच्या मोरीत म्हातारी होणार. इंजिन ठीक होतं, मी अधूनमधून चालू करून बघायचे. पण कमानी बसलेल्या आणि ब्रेक शून्य. पायडल दाबलं की पाय थेट फळीला टेकायचा.

मी मागितली तेव्हा बाप एवढा हसला की त्याला ठसका लागला.

"तू? तू ब्रेक बांधशीन? तुले तं नवरा बांधता नाई आला."

माय चुलीपाशी होती, तिनं मान खाली घातली. मी म्हटलं, "बाबा, बांधून दाखवते. मंग द्याल का?" आजूबाजूचे दोघं-चौघं बसलेले होते, त्यांच्यासमोर फुशारकी मारायची खोड त्याची काही गेली नव्हती. म्हणाला, "बैहरचा घाट चढून ये अन् उतरून ये. मी संग बसतो. उतारावर मी म्हनीन तिथं थांबली पाह्यजे. थांबली तं गाडी तुही. नाई थांबली तं रिसॉर्टवाल्याले देऊन टाकतो." कान्ह्याच्या जंगलाकडच्या रस्त्यावरचा एक रिसॉर्टवाला जुन्या गाड्या शोधत फिरत होता, दारात शोभेला ठेवायला.

पोळा झाल्यावर मी हात घातला. गाडी जॅकवर उचलली, खाली सागाचे ओंडके लावले, चाकं काढली. कमानीचे यू-बोल्ट गंजून असे धरले होते की पान्याला लोखंडी पाइप लावून मी त्यावर उभी राहायचे, तरी हलायचे नाहीत. रोज सकाळी बापाला धुऊन झालं की बोल्टांना रॉकेल पाजायचं, मग जेवण करायचं, मग पुन्हा पाइपवर चढायचं. बाप खुर्चीवर बसून मजा बघायचा.

"अजून चढ वं! जेवत नाईस का? सासरी तं लय खायची म्हनत होते."

रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून दाखवायचा, "देखो भैया, हमारी लडकी! ससुराल में नहीं टिकी, अब गाडी टिकाएगी!" लोक हसायचे. हसणारच ना, फुकटात तमाशा होता.

पण खरं सांगायचं तर काम त्यालाच येत होतं, आणि शिव्यांच्या आत तो मला काम सांगत होता. पट्टे सुटे करून मी लोहाराकडून पुन्हा बाक देऊन आणले. लावायला बसले तेव्हा ओरडला, "आंधळी हायेस का? मोठ्या पट्ट्याचं तोंड पुढं!" पाहिलं तर खरंच उलटं होतं. कमानीच्या टोकांत नवे रबरी बुश ठोकताना म्हणाला, "साबनाचं पानी लाव, तुह्या बापाचं काय जाते?" साबणाच्या पाण्यानं बुश गपकन आत गेला. माय म्हणायची, ह्यायचं जेवन वाढलं बघ. खरंच वाढलं होतं. मलाही वाटायला लागलं की म्हाताऱ्याला आतून बरं वाटतंय. बह्याड मी, खुळी.

ब्रेकचं काम आलं तेव्हा तर तो खुर्ची अगदी चाकाजवळ ओढून घ्यायला लावायचा. ड्रम काढले, आत झिजलेले लायनर, चिकट काळा चिखल. नवे लायनर बसवून आणले. मग प्रत्येक चाकामागचा लहानसा सिलिंडर आणि बॉनेटखालचा मोठा, ज्याच्यावर ब्रेक ऑइलची झाकणाची डबी असते, असे सगळे उघडून त्यांतले रबर बदलायचे होते. हे रबर म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, वाटीसारखे. पायडल दाबलं की तेच ऑइल पुढे ढकलतात. मी जुन्या सवयीनं डिझेलचा डबा जवळ घेतला, कारण आपल्याकडे गाडीचं सगळं डिझेलनंच धुतात. बाप एवढ्यानं ओरडला की माय बाहेर धावत आली.

"हात नको लावू! रबराले डिझेल नाई, कोनतंच तेल नाई! फुगते ते. भजे होतात त्याचे. मंग ब्रेक लागला का सुटत नाई, जाम! नुसतं ब्रेक ऑइल लागते त्याले, समजलं का? अन् हात पुसून घे."

मी हात पुसले. मायनंही आपले हात पदराला पुसले, तिचा काही संबंध नसताना. पण ती लगबगीनं आत गेली, दूध उतू जात होतं म्हणून, आणि बाप काय ओरडला ते तिनं धड ऐकलंही नाही. त्याच्या ओरडण्यातले शब्द ऐकणं तिनं फार पूर्वीच सोडलं होतं.

शेवटी नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं गाडीत बसून पायडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बारीक बोल्ट सैल करून हवा सोडायची. बापाचा पाय मेलेला, म्हणून मी मायला स्टेअरिंगवर बसवलं. माझी माय त्या गाडीत कधी पुढे बसली नव्हती. बाप तिला माहेरी न्यायचा तेव्हासुद्धा मागे डाल्यात, पोत्यांवर. पुढे भाडं देणारी माणसं बसायची. ती पदर खोचून बसली, दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं, जणू गाडी आत्ताच पळणार होती.

"दाब माय. धरून ठेव. सोड."

"सोडू का?"

"सोड."

"अवो, पाह्यलं का," ती बापाला म्हणाली, "मले बी येते!"

"हौ, लय येते," बाप म्हणाला, "आता इमान उडव." पण मायचं तोंड काही उतरलं नाही. नंतर कितीतरी दिवस ती बायांना सांगत होती, आमी मायलेकीनं ब्रेक बांधले.

गाडी ओंडक्यांवरून खाली उतरवली आणि ती सरळ उभी राहिली. दोन्ही बाजू सारख्या. पायडल अर्ध्यातच घट्ट लागत होतं. अंगणातल्या अंगणात पुढे-मागे करून बघितलं, टाच टेकवली की गाडी जागेवर. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. संध्याकाळी बापाला खाटेवर झोपवताना त्यानं विचारलं, "मंग? कधी जाशीन मलाजखंडले?"

"दिवाळीच्या आधी."

"तुह्या मायच्यानं मी उचलल्या जाईन का?"

"भाऊ म्हनते बाई लावून देतो."

"हौ," तो म्हणाला. "बाई."

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, अडकित्ता, हापशी, मायची शिलाई मशीन, सगळं पुसून मांडायचं, हळद-कुंकू लावायचं आणि प्रत्येकाला तेलाचा थेंब द्यायचा. जी वस्तू वर्षभर राबते, तिच्या पोटात तेल गेलं पाहिजे, असं माय म्हणते. तिच्याकडे त्यासाठी शिलाई मशीनचं पातळ तेल असतं. ती ब्लाउज शिवते, त्यामुळे बाटली भरलेली असते. मी सोनं आणायला आणि टायरांत हवा भरायचा पंप मागायला बाहेर गेले होते. परत आले तो गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. माय खुशीत होती. मी तिच्या पाया पडले, बापाच्या पडले. बापानं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्याआधी कधी ठेवल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी घाटात जायचं ठरलं होतं. बाप म्हणाला, आंग कसकस करते, परवा जाऊ. परवा म्हणाला, अजून एक दिवस थांब. "तोवर पायडल मारत राह्य. जितकं मारशीन तितके रबर बसतात." मी मारत राहिले. येता-जाता गाडीत बसायचे आणि दाबायचे. मलाही वाटलं, घाईपेक्षा बरं.

मग गेलो. बापाला मी आणि शेजाऱ्यानं उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, मायनं तिचं जुनं लुगडं त्याच्या पोटावरून घेऊन सीटला बांधलं. पोरीनं बांधलेल्या ब्रेकचं काही खरं नाही, असं गावभर म्हणणारा माणूस, पण मजेत बसला होता. खिडकीतून हात बाहेर काढून ओळखीच्यांना रामराम करत होता. मला तेव्हा वाटलं, माझ्या कामावर विश्वास बसला ह्याचा. हे आठवलं की आजही माझ्या अंगाची आग होते.

गाव सुटेपर्यंत चांगली चालली. मग पायडल वरवर यायला लागलं, कडक व्हायला लागलं. नुसता पाय ठेवला तरी दगडावर ठेवल्यासारखं. गाडी ओढेना. मी गिअर खाली टाकला. घाटाच्या पायथ्याशी जळक्या लायनरचा वास आला आणि आरशात पाहिलं तर मागच्या चाकातून धूर. पहिल्याच चढावर गाडी थांबली ती थांबलीच. ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. चारही चाकं जाम.

बाप लुगड्यात बांधलेला बसला होता. तो हसायला लागला, अर्ध्या तोंडानं, लाळ गळेपर्यंत.

"मी काय म्हनलो होतो? थांबली पाह्यजे. थांबली ना? आता हालवून दाखव."

मागून बैहरची बस आली, हॉर्न मारत उभी राहिली. लोक उतरले. कोणी म्हणे धक्का मारा, कोणी म्हणे बाई चालवत होती का. मी रस्त्यावर झोपून चाकामागचा बोल्ट सोडला, तेव्हा ऑइलची चिळकांडी थेट तोंडावर उडाली. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं साखळीनं बांधून गाडी परत आणली. मी हँडब्रेक धरून बसले होते आणि बाप सगळ्या रस्त्यानं खिडकीतून ओरडून ओरडून त्या ट्रॅक्टरवाल्याला माझ्या लग्नाची गोष्ट सांगत होता.

अंगणात मी मोठा सिलिंडर उघडला. नवे रबर फुगून, कडा वाकून, बाहेर यायला तयार नव्हते. भजेच झाले होते. माझ्याभोवती गर्दी जमलेली. बाप खुर्चीतून म्हणाला, "डिझेलनं धुतले ना? मी नाई म्हनलो होतो का? सगळ्यायनं ऐकलं होतं." ऐकलं होतंच सगळ्यांनी. गल्लीच्या टोकाला तो आवाज गेला होता. मी शपथ घेऊन सांगितलं की नाही धुतले. कोण विश्वास ठेवतो? भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, ज्यातलं कळत नाई त्यात काहून हात घालतं?" पुढे पुढे मलाच शंका यायला लागली. हाताला डिझेल राहिलं असेल का? चिंधीला असेल का?

मी म्हटलं, नवे रबर टाकते, पुन्हा घाट करू. बाप म्हणाला, "एकडाव बोललो तं बोललो."

रिसॉर्टवाल्यांची क्रेन आली. त्यांचा मॅनेजर चांगला बोलणारा होता. डाल्यावर हात फिरवत म्हणाला, "दीदी, इसमें फूल लगाएंगे. गेस्ट लोग फोटो खींचेंगे." मायनं सुकलेला हार काढून घेतला. गाडी क्रेनवर चढली तेव्हाही माझ्या कमानींवर सरळ उभी होती. मलाजखंडच्या मैत्रिणीनं भरवेलीची एक बाई घेतली, टेम्पोवाली. तिचा काय दोष, ती थांबली होती तितकी.

दिवाळीची आवराआवर चालू होती. माय शिलाई मशीनवर बसली होती आणि मशीन कुरकुर करत होती. मी म्हटलं, "माय, तेल दे तिले."

"तेल कुठचं आता?" माय म्हणाली. "सगळं तुह्या गाडीत नाई का टाकलं दसऱ्याले."

"गाडीत? कुठं गाडीत?"

"त्या डबीत. बॉनेटखाली, झाकनाची. मी तं नुसता थेंब देत होती चाकाले. तुह्ये बाबाच म्हनले, चाकाले काय देतं, तिचं पोट तिथं हाये. झाकन उघड अन् तिथं टाक, हात आखडू नको. मी इचारलं बी, इथंच ना? हौ म्हनले, तिथंच." मग तिनं मशीनचं चाक हातानं फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "गाडी बंद पडली थे येगळं. पन तेलाचं पुण्य लागतेच."

ती डबी ब्रेक ऑइलची, आणि पायडल मारून मारून ते तेल मीच रबरांपर्यंत पोचवलं होतं. मी म्हटलं, "हौ माय."

दुसऱ्या दिवशी मोरीत बापाच्या पाठीवर पाणी ओतताना मी विचारलं. आवाज खाली ठेवून विचारलं, माय पलीकडेच होती. त्यानं नाकारलं नाही. मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"हौ. मीच सांगतलं. मंग?"

"काहून बाबा?"

"काहून म्हन्जे? तू गेली असती तं हे कोन करते?" त्यानं डाव्या हातानं स्वतःच्या अंगाकडे दाखवलं, खाली वाहणाऱ्या पाण्याकडे दाखवलं. मग हळू म्हणाला, "जा, सांग तुह्या मायले. सांग का तुह्याच हातानं पोरीची गाडी गेली. पाहू कसं सांगतं."

नाही सांगितलं मी. सांगायचं तर दोन्ही सांगावं लागलं असतं, की तेलानं गाडी मेली आणि ते तेल नवऱ्यानं जाणूनबुजून तिच्या हातून टाकवलं. आयुष्यात एकदा स्टेअरिंगवर बसलेली बाई ती. अजून बायांना तेच सांगते. तिच्याजवळ एवढंच आहे, ते मी कसं काढून घेऊ? आणि बापाला हे पक्कं माहीत आहे. मी आवाज चढवला, पाणी आपटलं, की तो अगदी मऊ आवाजात म्हणतो, "सांगू का तुह्या मायले?"

या वर्षी मलाजखंडहून पुन्हा फोन आला. मैत्रीण म्हणाली, स्वयंपाकाला हात कमी पडतात, गाडी नसली तरी ये, खोली आहे. मी हो म्हणून टाकलं. सकाळी बापाला साबण लावता लावता सांगितलं, की मी जाणार, भावाला बाई लावायला सांगितलं आहे, आता काहीही म्हणा. त्यानं डोळे मिटून ऐकून घेतलं. मग डोळे न उघडता मोठ्यानं हाक मारली.

"अवो! इकडं ये वं जरा. तुले एक सांगाचं हाये, दसऱ्याचं."

माय ओले हात पुसत दारात आली. "काय जी? काय दसऱ्याचं?"

बापानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मायकडे नाही, माझ्याकडे.

"काही नाई माय," मी म्हटलं. "ह्या दसऱ्याले नवीन धोतर पाह्यजे म्हनतात."

"एवढंच ना," माय म्हणाली. "आनू की." ती परत गेली. थोड्या वेळानं तिच्या मशीनचा आवाज सुरू झाला.

"पानी थंड झालं," बाप म्हणाला.

मी बादली उचलली आणि गरम पाणी आणायला गेले.